डावा मुंढा

वहिनींनी शिवलेला कपडा परत आला, असं सत्तावीस वर्षांत एकदाही घडलं नव्हतं. हे त्या स्वतःच सांगत, आणि कुणी न विचारता सांगत. घराच्या बाहेरच्या खोलीत दोन मशीन, एक उभा आरसा, कोपऱ्यात ट्रायलसाठी लावलेला पडदा आणि खिळ्याला अडकवलेल्या मापाच्या वह्या, एवढ्यावर त्यांचं राज्य चालायचं. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा आणि घरात फारसं बोलायचा नाही. त्याच्या वाटचं वहिनीच बोलून घेत. तर अशा वहिनींच्या हातून ड्रेसचा डावा मुंढा बिघडला, आणि तोही नणंदेच्या ड्रेसचा. मुंढा म्हणजे बाही जिथे अंगाला जोडतात ती गोलाई. नवशिके हमखास तिथेच घसरतात. वहिनींनी ही गोष्ट जिवाला लावून घेतली.

नणंद म्हणजे नवऱ्याची मोठी बहीण. एकतीस वर्षं बसमध्ये कंडक्टर. आवाज असा, की पुढच्या दाराशी उभ्या माणसाला मागच्या दारातून ऐकू जावा, आणि तोच आवाज घरातही. दोन महिन्यांनी त्या निवृत्त व्हायच्या होत्या. डेपोतली मंडळी निरोपाचा कार्यक्रम करणार होती. त्यासाठी म्हणून त्या एका रविवारी कापड काखोटीला मारून आल्या. मऊ, गडद हिरवं, अंगावर चापून बसेल असं.

"ताई, तुम्ही आणि ड्रेस?" वहिनी म्हणाल्या. "युनिफॉर्मशिवाय तुम्हाला ओळखतील का डेपोत?"

"तोंड ओळखीचं आहे माझं. तू माप घे. आणि बिघडवलास तर गाठ माझ्याशी आहे, सांगून ठेवते."

पहिली ट्रायल पुढच्या रविवारी झाली. ताई आरशासमोर उभ्या राहिल्या. सगळं जिथल्या तिथे बसलं होतं, पण त्यांनी डावा हात वर केला की मुंढ्याच्या जरा खाली, छातीच्या बाहेरच्या बाजूला कापड ओढलं जायचं आणि एक चुणी पडायची. उजवीकडे काही नाही. वहिनींनी टाचण्या लावल्या, काढल्या, परत लावल्या.

"कापताना दोरीभर फरक पडला असेल," त्या स्वतःशीच पुटपुटल्या. "पुढच्या रविवारी या."

एरवी सुट्टीचा दिवस वाया घालवायला ताई तयार होत नसत. त्या दिवशी मात्र 'येते' म्हणाल्या. दुसऱ्या रविवारी चुणी तिथेच. वहिनींनी टीप उसवली, मुंढा पाव इंच सैल केला, बाही नव्याने लावली.

"हात लावून बघ ना नीट," ताई म्हणाल्या. "वरवर काय बघतेस?"

"मला शिकवू नका. तिकिटं फाडा तुम्ही."

आठवडाभर वहिनींचं दुसऱ्या कामात लक्ष लागलं नाही. नवऱ्याला त्यांनी तीनदा तो मुंढा दाखवला आणि तो तीनदा 'छान आहे' म्हणाला, त्यावरून त्याला बोलणी खावी लागली. तिसऱ्या रविवारी चुणी पुन्हा हजर झाली तेव्हा मात्र वहिनींचा संयम सुटला.

"काढा तो ड्रेस," त्यांनी पडदा ओढून घेतला. "सगळं काढा. आता अंगावरच खडूने खूण करते, बघू कुठे जाते ती."

ताईंनी मुकाट्याने कपडे काढले. वहिनींनी निळा खडू हातात घेतला आणि म्हणाल्या, "हात वर करा." ताईंनी डावा हात वर केला. वहिनींचा हात जागीच थांबला. चुणी कापडात नव्हतीच. ती कातडीत होती. काखेच्या जवळ, वरच्या बाजूला, आतून कुणीतरी चिमटीत धरून ओढल्यासारखी.

त्यांनी बोटं टेकवली. आत कोटाच्या बटणाएवढं काहीतरी होतं, टणक, आणि बोटाखालून हलत नव्हतं.

"हे काय आहे?"

"पट्टा घासतो तिथे," ताई पटकन म्हणाल्या. "तिकिटाच्या मशीनचा पट्टा. एकतीस वर्षं याच खांद्यावर आहे."

"पट्टा बाहेरून घासतो. हे आतून आहे." वहिनींचा आवाज दुकानदारीचाच निघाला. "उद्या सकाळी दवाखान्यात जायचं."

"उद्या पहिली पाळी आहे माझी."

"पाळी गेली खड्ड्यात."

ताईंनी वाद घातला नाही. निमूटपणे बटणं लावली. वहिनींना त्याच गोष्टीची जास्त भीती वाटली.

तपासण्या झाल्या, फोटो निघाले, सुई घालून तुकडा काढला गेला, आणि दोन आठवड्यांनी दोघी एका डॉक्टरीणबाईंसमोर बसल्या. बाई तरुण होत्या, समजावून सांगणाऱ्या होत्या. कॅन्सर आहे, हे त्यांनी आधीच स्पष्ट सांगून टाकलं, आणि मग एका फॉर्मच्या पाठीमागे चित्र काढायला घेतलं.

"हे बघा. दूध तयार होतं ते अशा बारीक पिशव्यांमध्ये. द्राक्षाच्या घडासारखे त्यांचे झुबके असतात. आणि दूध बाहेर आणतात त्या या नळ्या. बहुतेक वेळा सुरुवात होते ती नळीच्या आतल्या बाजूला. काही वेळा पिशव्यांमध्ये."

"इथेच का पण?" वहिनींनी विचारलं. "काखेपाशी?"

"हा सगळा पसारा काखेच्या बाजूला जास्त असतो, वरच्या आणि बाहेरच्या भागात. म्हणून तिथे जास्त वेळा सापडतं. आता, जोपर्यंत ते नळीच्या आत आहे तोपर्यंत ते जागच्या जागी असतं. भिंत फोडून बाहेर आलं की पसरायची वाट मोकळी होते. तुमचं भिंतीबाहेर आलंय. पण लहान आहे."

"आणि बाहेर पडून जातं कुठे?" ताईंनी विचारलं.

"आपल्या अंगात रक्तासारखंच एक पाणी फिरत असतं, त्याच्या बारीक वाहिन्या असतात. त्यातून ते आधी इथे येतं." बाईंनी काखेत मण्यांसारखे चार-पाच ठिपके काढले. "या लसिका ग्रंथी. आणि पुढे गेलंच, तर हाडं, फुप्फुसं, यकृत. तिथे मग रक्तातूनही जाऊ शकतं."

ताई चित्राकडे वाकून बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर ओळखीचं काही दिसल्याचा भाव आला.

"म्हणजे डेपो इथे," त्यांनी नळीवर बोट ठेवलं. "काख हा पहिला थांबा. आणि लांब पल्ल्याच्या गाड्या सुटतात त्या तिथून पुढे."

डॉक्टरीणबाई मनापासून हसल्या. "अगदी बरोबर. गाडी पहिल्या थांब्याला पोचलीये का, एवढंच आता आपल्याला बघायचंय. ऑपरेशनच्या वेळी एक निळा रंग टोचतात. तो त्याच वाटेने जातो. ज्या ग्रंथी आधी निळ्या होतील, तेवढ्याच काढून तपासायच्या. त्या मोकळ्या निघाल्या तर बाकीच्यांना हात लावायचा नाही."

वहिनी हसल्या नव्हत्या. रंग कापडात कसा फुटतो, एका थेंबापासून कुठवर जातो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांच्या मनात एकच प्रश्न होता आणि तो विचारायचा धीर होत नव्हता. तीन रविवार. तीन रविवार त्या अंगासमोर उभ्या होत्या, हातात टेप होती, डोळ्यांवर चष्मा होता, आणि त्या कापड उसवत बसल्या होत्या. गाडी त्या तीन आठवड्यांत सुटली असेल तर?

घरी येताना त्यांनी ते चित्र मागून घेतलं आणि मापाच्या वहीत घडी करून ठेवलं.

ऑपरेशनच्या दिवशी वहिनी आणि त्यांचा नवरा बाहेरच्या बाकावर बसले होते. नवरा चहा आणायला म्हणून उठला आणि नेमकं तेव्हाच दार उघडलं. सर्जन बाहेर आले. तोंडावर मास्क, पायात घाई.

"झालं, व्यवस्थित झालं. गाठ निघाली. काखेत तीन गाठी मिळाल्या, त्याही काढल्यात, तपासायला पाठवतोय. आठ-दहा दिवसांत रिपोर्ट येईल." आणि ते आत गेलेसुद्धा.

वहिनी दाराकडे बघत राहिल्या. काखेत तीन गाठी. एक गाठ होती, म्हणून तर इथवर आलो, आणि आता आणखी तीन. डॉक्टरीणबाई बोलल्या होत्या त्या ग्रंथींबद्दल. काखेतल्या गाठींबद्दल कुणी काही बोललं नव्हतं. तीन आठवडे आणि तीन गाठी. हिशेब करायला वहीची गरज नव्हती. दर रविवारी एक.

नवरा चहाचे दोन कप घेऊन आला. "काय म्हणाले?"

"व्यवस्थित झालं म्हणाले," वहिनी म्हणाल्या, आणि त्यापुढे ब्र काढला नाही.

ताईंना तिसऱ्या दिवशी घरी सोडलं, म्हणजे वहिनींच्या घरी. त्यांना आतली खोली दिली होती, पण त्यांनी बाहेरच्या खोलीतला दिवाण पकडला. तिथून त्यांना रस्ता दिसायचा आणि गिऱ्हाइकंही. दवाखान्यातली पहिल्या दिवसाची गोष्ट त्या येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक बाईला रंगवून सांगत: "शुद्धीवर आले, बाथरूमला गेले, आणि बघते तर काय, हिरवं! चक्क हिरवं! त्या निळ्या रंगाची करणी. मी नर्सला म्हटलं, बाई, माझ्या ड्रेसला मॅच होतंय बघ." बायका तोंडाला पदर लावून हसायच्या, आणि ज्यांना पदर नव्हता त्या हात लावून हसायच्या.

घर एकदम भरल्यासारखं झालं. गिऱ्हाईक दारात घुटमळलं की दिवाणावरून हाक यायची, "पुढे चला, आत जागा आहे!" इतकी वर्षं गप्प बसणारा भाऊसुद्धा बहिणीशी पत्ते खेळताना भांडायला लागला. ती पत्ते लपवते असं त्याचं म्हणणं होतं, आणि ते खरं होतं. हात आखडू नये म्हणून ताईंना व्यायाम सांगितला होता: भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं आणि बोटांनी भिंतीवर चढत जायचं. बोटं जिथवर पोचतील तिथे वहिनी निळ्या खडूने रेघ मारायच्या. रोज रेघ थोडी वर जायची. आरशाशेजारच्या भिंतीवर अशा सहा रेघा झाल्या होत्या.

वहिनींना हे सगळं आवडत होतं आणि ते आवडतंय याचीच त्यांना लाज वाटत होती. जेवताना ताईंचं हसू ऐकलं की त्या उगाच भात आणायला उठायच्या. इतकं प्रेम आहे आपलं या बाईवर, हे त्यांना आत्ता कळत होतं, आणि आपणच हिला बुडवलं असंही वाटत होतं. नळ सोडून त्या दोनदा रडल्या. हिरवा ड्रेस हँगरवर तसाच लटकत होता, डाव्या बाहीशिवाय.

"त्याचं काय झालं गं?" ताई रोज विचारत.

"करते."

"सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच उशीर, नाही का?"

"करते म्हटलं ना!"

रिपोर्टच्या दिवशी ताईंनी ठरवून चांगले बूट घातले. डॉक्टरीणबाईंनी फाइल उघडली, वाचली, आणि त्यांचा चेहरा खुलला.

"छान बातमी आहे. गाठ पूर्ण निघाली, कडा स्वच्छ आहेत. आणि काखेतल्या तिन्ही गाठींमध्ये काही नाही."

ताईंनी मोठा श्वास सोडला. वहिनी मात्र तशाच बसून होत्या.

"काही नाही म्हणजे?" त्यांनी विचारलं. "तीन गाठी होत्या ना?"

"हो, तीन काढल्या."

"होत्या म्हणजे पसरलंच ना ते?"

डॉक्टरीणबाईंना क्षणभर कळेना. मग कळलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "अहो, त्या गाठी म्हणजे मी चित्रात काढल्या होत्या ना, त्याच. ग्रंथी. आम्ही बोलताना गाठी म्हणून जातो. त्या सगळ्यांनाच असतात. तुमच्याही काखेत असतील वीस-पंचवीस."

"माझ्या?" वहिनींनी भर दवाखान्यात स्वतःच्या काखेत हात घातला.

"दुसरीकडेही असतील," ताई म्हणाल्या. "मोजून झाल्या की सांग."

"मग गाठी कशाला म्हणता त्यांना?" वहिनींचा आवाज चढला. चढता चढता फाटला. "दहा दिवस! दहा दिवस मी... आम्हा लोकांना गाठ म्हणजे एकच गाठ कळते ना डॉक्टर!" आणि त्या तिथेच, फाइलीवर, ढसाढसा रडल्या. डॉक्टरीणबाईंनी फाइल हळूच ओढून घेतली आणि पाण्याचा ग्लास पुढे केला.

पाणी पिऊन झाल्यावर वहिनींनी तो प्रश्न अखेर विचारला. तीन आठवड्यांची सगळी हकिगत सांगितली, मुंढ्यासकट.

"हे बटणाएवढं व्हायला काही वर्षं लागली असतील," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तीन आठवड्यांनी काही बिघडलं नाही. सहा-आठ महिने थांबला असता तर मी इतक्या खात्रीने बोलले नसते. उलट तुम्ही बघितलंत म्हणून तर या आज इथे आहेत. आता रेडिएशनचे शेक घ्यायचे, गोळी सुरू करायची, आणि वेळच्या वेळी दाखवायला यायचं."

बाहेर येऊन दोघी बसस्टॉपच्या बाकावर बसल्या. वहिनींच्या जिवात जीव आला होता. त्यांनी रुमाल काढून नाक पुसलं आणि आपलं आपणच हसल्या. दोन बस येऊन गेल्या तरी ताईंनी एकीचाही नंबर मोठ्याने वाचला नाही.

"तू तुझे तीन आठवडे घेऊन बसलीस," शेवटी त्या म्हणाल्या. "माझे दोन महिने कुणाला सांगू?"

"कसले दोन महिने?"

"ते कापड घेऊन आले ना, त्याच्या दोन महिने आधी मला हाताला लागलं होतं. आंघोळ करताना." ताई रस्त्याकडे बघत बोलत होत्या, आणि आवाज त्यांचा वाटतच नव्हता, इतका लहान होता. "बोलायला जायचे आणि तोंडातून शब्द निघायचा नाही. एकतीस वर्षं घसा फोडून ओरडतेय मी, आणि हे एक वाक्य काही केल्या येईना. डॉक्टरकडे जायची हिंमत नाही, भावाला तर सांगणंच शक्य नाही. मग वाटलं, तू माप घेशील. तुझ्या हातून कधी काही सुटत नाही. तुला सापडलं तर मला बोलायला नको."

वहिनींनी रुमाल पर्समध्ये कोंबला.

"मला कुठे ड्रेस हवा होता गं? निरोपाला मी युनिफॉर्मच घालणार होते. तीन-तीन रविवार तुझ्यासमोर हात वर करून उभी राहिले, हात लाव म्हटलं, नीट बघ म्हटलं. तर तू आपली मुंढाच उसवतेय, मुंढाच उसवतेय!"

बाकावर शेजारी बसलेल्या एका माणसाने मान वळवून पाहिलं, कारण वहिनी एकदम उठून उभ्या राहिल्या होत्या.

"तू मला सांगितलं का नाहीस?" त्या ओरडल्या. "तू... तुझ्या जिवाचं काही बरंवाईट झालं असतं म्हणजे? एवढी मोठी घोडी झालीस, आणि मुंढ्यावर सोडून दिलंस सगळं?"

लग्नाला तीस वर्षं झाली होती, आणि वहिनींच्या तोंडून मोठ्या नणंदेला 'तू' कधी गेलं नव्हतं. दोघींनाही ते एकदमच ऐकू आलं. ताईंच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ओठ हसायच्या बेतात होते.

"आज बरोबरीला आणलंस मला," त्या म्हणाल्या.

वहिनींनी पर्समधून टेप काढली. ती त्यांच्या पर्समध्ये कायम असायची. "हात वर कर," त्या म्हणाल्या.

"इथे? लोक बघतायत."

"बघू देत. हात वर कर."

ताईंनी डावा हात जाईल तितका वर नेला. भिंतीवरच्या सहाव्या रेघेच्याही जरा वर गेला. वहिनींनी खांद्यावरून टेप फिरवली, काखेखालून ओढली, आकडा वाचला. बाजू थोडी कमी झाली होती. तेवढं कापड आत घेता येईल, आणि आता चुणी पडायचं कारण नाही. पर्समध्ये टाकून आणलेल्या मापाच्या वहीतून त्यांनी डॉक्टरीणबाईंचं चित्र बाहेर काढलं आणि त्यावरच, काखेतल्या मण्यांच्या शेजारी, नवं माप लिहून टाकलं.

"रविवारी निरोपाला ड्रेसच घालायचा," त्या टेप गुंडाळत म्हणाल्या. "युनिफॉर्म नाही. आणि यापुढे कधी काही लपवलंस, तर गाठ माझ्याशी आहे."

ताईंनी हात हळूच खाली घेतला.

"ही कितवी गाठ गं?"

"ही शेवटची," वहिनी म्हणाल्या, आणि समोरून येणाऱ्या बसला हात केला.